पाहुण्याची मूठ

जमुनाबाईंनी मूठ उघडून तुरीची डाळ काट्याच्या ताटलीत सोडली. लाल आकडे क्षणभर धावले आणि चाळिसावर येऊन थांबले.

“पुन्हा एकदा,” रुची म्हणाली.

दुसरी मूठ. चाळीस ग्रॅम. तिसऱ्या मुठीला काट्यानं एक्केचाळीस दाखवले, तशी म्हातारीनं आकड्याकडे न बघता दोन बोटांच्या चिमटीत काही दाणे उचलले आणि पिशवीत परत टाकले. आकडा चाळिसावर उतरला.

समाजमंदिरात बसलेल्या पंधरा-सोळा बायांत हशा पिकला.

“म्याडम, काटा वापस करून टाका दुकानात,” शामकला म्हणाली. ती जमुनाबाईंची शेजारीण, अंगानं आणि आवाजानं सारखीच भरलेली. “आमच्या गावाले कायले पायजे काटा? जमुनामावशीचा हात हाय ना.”

“आन त्याले सेल बी लागत नाई,” मागून कुणीतरी म्हणालं.

रुचीही हसली, पण तिची नजर त्या हातावरून हलत नव्हती. काळासावळा, शिरा वर आलेला, धानाच्या रोवणीच्या चिखलात नखं झिजलेला हात. दोन वर्षं शिकून, परीक्षा देऊन ती ग्रॅम आणि मिलिग्रॅम पाठ करून आली होती. आणि इथे एका बाईच्या तळव्यात ते सगळं आपोआप येऊन बसलेलं होतं, घरट्यात पाखरू बसावं तसं.

“कसं जमतं हो मावशी?”

“जमाले काय लागते त्यात? सासू गेली तईपासून मूठ माझ्याकडे हाय. जास्त पडली तर महिना पुरत नाई, कमी पडली तर मानूस पुरत नाई.”

“माणसामागे एक मूठ?”

“हो. वेळेले एक.”

“घरी माणसं किती?”

“पाच.”

“आणि मुठी?”

“पाच.”

रुचीनं वहीत लिहिलं : माणसं पाच, मुठी पाच. खाली बरोबरची खूण केली आणि पुढच्या बाईकडे वळली.

गोंदियाजवळच्या कुडव्याहून ती स्कूटीनं यायची. बोदलकसा तलावाच्या बाजूच्या पाच गावांत तिचा दहा आठवड्यांचा वर्ग चाले. आठवड्याचं जेवण आधी कसं ठरवावं, हातात असेल तेवढ्यात बाजार कसा करावा, आणि शिजवताना भाजीतलं सत्त्व पाण्याबरोबर कसं जाऊ देऊ नये. सोबत एक चित्रांचा तक्ता, एक काटा, एक छोटी शेगडी. बाया यायच्या, ऐकायच्या, हसायच्या, आणि जाताना तिच्या पिशवीत वाळकं नाहीतर चार सीताफळं टाकून जायच्या.

पण या गावात तिच्या जिवाला एक घोर होता, आणि तो तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसलेला असायचा. टीना. जमुनाबाईंची सून. सातवा महिना, चेहरा उकडलेल्या तांदळासारखा पांढरट. गेल्या वर्षीचं पहिलं पोट सहाव्यातच गेलेलं. रक्त साडेसात. नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, गोळ्या चालू आहेत, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, पोटात अन्न गेलं पाहिजे. महिन्याभरात रक्त नवाच्या वर गेलं नाही तर गोंदियाला न्या, बाहेरून रक्त चढवावं लागेल. आणि कळा आधीच सुरू झाल्या तर?

टीनाला वर्गातलं सगळं तोंडपाठ होतं. मुंगन्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला वरणात उतरत्या आचेवर टाकायचा, वरून लिंबू पिळायचं, जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही. विचारलं की खाली मान घालून घडाघडा सांगायची. तरी दर पंधरवड्याला बोटातून निघणारा थेंब तसाच फिका.

पाचव्या आठवड्यात रुचीनं वर्ग आठवडी बाजारात नेला. प्रत्येकीनं आपल्या घरच्या पैशांत, आपल्या घरच्या माणसांसाठी बाजार करायचा. कुणाच्या पिशवीत काय येतं ते मग पिंपळाखाली बसून बघायचं. जमुनाबाई आधी रिकाम्या हातानं सगळा बाजार फिरून आल्या. एकदाही वाकल्या नाहीत. मग दुसऱ्या फेरीला सुरुवात केली.

“हे झिंगे कसे दिले गा?” सुकवलेल्या बारीक कोळंबीच्या ढिगात त्यांनी बोट घातलं. “यात अर्धी रेती हाय.”

“रेती नाई बाई, मीठ हाय.”

“मंग मिठाच्या भावानं दे.”

दुकानदार हसत हसत हरला. त्यांच्या पिशवीत झिंगे आले, जवस आले, दोन मुठी तीळ, डागाळलेले पण पिकून गोड झालेले पेरू आले. मुंगन्याला त्यांनी हातही लावला नाही. झाड दारात होतं. पिंपळाखाली ती पिशवी रिकामी झाली तेव्हा रुचीनं आपल्या तक्त्याकडे पाहिलं. लोह, प्रथिनं, आंबट फळ. तक्त्यावर चित्र होतं ते सगळं त्या गोणपाटावर खरंखुरं मांडून ठेवलेलं होतं, आणि मांडणारीला तक्ता वाचता येत नव्हता.

“हे सगळं टीनासाठी?”

“मंग कोनासाठी? मी पेरू खाऊ का या वयात? दात हायेत का माह्ये?”

परतीच्या वाटेवर रुचीच्या मनात एक वाईट विचार आला. बाजार असा, हात असा, मूठ अशी. मग हे सगळं जातं कुठं? सासवा सुनेला कमी वाढतात, मूल पोटात मोठं झालं तर बाळंतपण अडतं म्हणून शेवटच्या महिन्यांत हात आखडतात, हे तिनं दुसऱ्या गावात पाहिलं होतं. ती गाडी थांबवून तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, थोडा वेळ उभी राहिली. खाली धान लोंबीवर आलं होतं. बांधाबांधातून पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात उतरत होतं, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, न सांगता, ती जमुनाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

टीनाचे सासरे बकाराम आणि नवरा चंद्रकुमार जेवून उठले होते. बकाराम गावाचे पाणकर, तलावाचं पाणी आळीपाळीनं शेताशेताला सोडणारे. खांद्यावर फावडं टाकून ते परत पाळीकडे निघाले होते. जाताना म्हणाले, “बस बाई. सासू-सुना आता जेवतेतच.” धाकटी लेक मंजू शाळेत गेली होती.

“ये वं म्याडम,” जमुनाबाई चुलीपाशीच होत्या. “आधी सांगतीस तर तुही मूठ टाकली असती. आता वरन मोजकंच हाय.”

“मी डबा खाल्लाय मावशी. तुम्ही जेवा. मी बसते इथं.”

ती उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ लावून बसली. रात्रीची डाळ निवडायला सुपात घेतलेली होती. जमुनाबाईंनी आधी ती मोजून डब्यात टाकली. ओठ हलत होते. वर्गात रुचीला वाटलं होतं की म्हातारी आकडे पुटपुटते. इतक्या जवळून शब्द ऐकू आले.

“पयली मूठ कोनाची, पान्याच्या राखनदाराची.
दुसरी मूठ कोनाची, ट्रॅक्टरवाल्या पोराची.
तिसरी मूठ कोनाची, दप्तरवाल्या लेकीची.
चौथी मूठ कोनाची, नवी आली त्या सुनेची.
पाचवी मूठ कोनाची, नाव नाई ठेवलं त्याची.”

डब्याचं झाकण लागलं.

रुचीनं मनात पुन्हा म्हणून पाहिलं. बकाराम. चंद्रकुमार. मंजू. टीना. आणि पोटातलं. मांडीवरच्या हाताची पाचही बोटं मिटली, आणि चुलीपुढं बसलेल्या बाईसाठी बोट उरलं नाही. वहीतली ती बरोबरची खूण तिला डोळ्यांपुढं दिसली.

जमुनाबाईंनी टीनाला वाढलं. भात, त्यावर मुंगन्याच्या पाल्याचं घट्ट वरण, दोन पळ्या, वरणाचा गंज तिरपा करून खरवडून. कडेला जवसाची चटणी, लिंबाची फोड. दुसरं ताट स्वतःचं. त्यात भात, भाताची पेज, मीठ, एक हिरवी मिरची.

दोघी जेवू लागल्या. अर्ध्यावर टीनाचा हात थांबला.

“आई, झालं माहं.”

“अवं, आत्ता तं बसली.”

“उतरून नाई राहिलं. जागा नाई आता.”

“काय पोरगी हाय,” म्हातारी रुचीकडे पाहून म्हणाली. “पाह्य म्याडम, तूच पाह्य. दोन मुठीचं वाढतो आन रोज एक सांडते. आन अन्न का फेकाचं असते?” आणि टीनाचं ताट आपल्याकडे ओढून त्यांनी ते उरलेलं वरण आपल्या भातावर घेतलं.

टीनानं पदर सावरला आणि मान वळवली. पण पूर्ण नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती सासूच्या बोटांकडे बघत होती. घास तोंडात जाताना, दुसरा कालवताना. शेवटचा घास गेला तेव्हाच ती भिंतीचा आधार घेत उठली.

बोअरवेलवर भांडी घासताना रुची तिच्या शेजारी उकिडवी बसली.

“जागा नाही म्हणजे काय गं?”

टीनानं राख घेतली, ताट घासू लागली.

“टीना.”

“सांगू नोका म्याडम त्यायले.” तिचा आवाज राखेत मिसळल्यासारखा होता. “लग्न होऊन आलो तईपासून पाहून राहिलो. त्यायची मूठच नाई. माह्या ताटात उरते, तेवढंच वरन त्यायच्या पोटात जाते. सांगाल तं माह्या ताटाले बी हात नाई लावनार त्या. पेजीवर राहतीन.”

“आणि बाळ?”

टीनानं तेच ताट पुन्हा घासायला घेतलं. मग म्हणाली, “दोघायपैकी कोनाले उपाशी ठेवू, तुमीच सांगा. तक्त्यात हाय का ते?”

तक्त्यात ते नव्हतं.

रुची घरात परतली. तिनं हलकेच विचारून पाहिलं.

“मावशी, तुमची मूठ कोणती?”

“माही?” जमुनाबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत होत्या. “मी तं मोजनारी.”

“मोजणाऱ्याला भूक नसते का?”

“आमचे म्हातारबा पाह्य. साऱ्या गावाच्या वावराले पानी सोडतेत. आपल्या बांधीले शेवटी. पानकरानं आपल्याकडे आधी वळवलं तं गाव त्याले इचारनार नाई का? जो वाटते त्यानं शेवटी घ्याचं. उरलं तं घ्याचं.” त्यांनी लाकडावर पाणी शिंपडलं, धूर झाला. “मले का कमी हाय? रोज उरतेच ना पोरीचं.”

त्या धुराआड रुचीला क्षणभर काही दिसेना. तिला वाटलं, आपण एका फार जुन्या गोष्टीपुढं बसलो आहोत, तलावाच्या पाळीइतक्या जुन्या. आपण एक दगड हलवायला जाऊ आणि सगळं पाणी फुटेल. एक बाई आपलं सोडते, दुसरी तिच्यासाठी सोडते, आणि मध्ये एक जीव, अजून नाव न ठेवलेला, त्या दोघींच्या मायेत उपाशी राहतो.

ती जायला उठली.

“दोन घास बी नाई खाल्ले,” जमुनाबाई म्हणाल्या. “बिनजेवता पाहुना गेला तं बरं नाई दिसत.”

रुचीनं चप्पल घालता घालता मागं पाहिलं.

“मग टाकत जा ना माझी मूठ. उद्यापासून. रोज याच रस्त्यानं जाते मी. दुपार इथं झाली तर तुमच्याकडेच जेवीन.”

“खरंच?”

“खरंच.”

“पाह्य बरं. पाहुन्याची मूठ एकदा गंजात पडली का मागं काढता येत नाई. तू आली नाई तरी शिजन.”

“शिजू द्या.”

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तिनं फोन केला.

“मावशी, मीटिंगमध्ये अडकले हो.”

“आन तुह्यी मूठ? ते कोन खाईन, तुहा बाप?”

“तुम्ही खा. अन्न का फेकायचं असतं?”

 पलीकडून फोन बंद झाला.

त्यानंतरच्या चार आठवड्यांत रुचीच्या स्कूटीचं चाक पाचदा पंक्चर झालं. तिच्या मामाकडे दोन बारशी आणि एक साखरपुडा निघाला. तिला ताप आला, तो उतरला, परत आला. बिरसीजवळ रस्ता तिच्यासाठी इतक्या वेळा बंद झाला की खरोखरच्या रस्त्याला हसू आलं असतं. “उद्या नक्की” म्हणून ती फोन ठेवायची, आणि जमुनाबाई रोज करवादायच्या, “अवं, तू मानूस हाय का हवा हाय? नुसतीच येतो येतो!” वर्गात मात्र दोघींपैकी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शामकलेनं एकदा विचारलं, “काय वं मावशी, तुमच्याकडं रोज पाहुनी असते म्हनतेत, दिसत तं नाई कधी?” तेव्हा जमुनाबाई म्हणाल्या, “तुले कायले दिसन? तू का आमच्या चुलीत राहतेस?”

टीनाचे गाल आधी बदलले. मग नखं. नवव्या आठवड्याला नर्सबाईंनी बोटाला सुई लावली, थेंब नळीत चढला, आणि रुचीनं तो उजेडाकडे धरलेला पाहिला. नऊ पॉइंट चार.

“काय खाऊ घालून राहिले व हिले?” नर्सबाईंनी विचारलं.

“घरचंच,” टीना म्हणाली आणि तिनं रुचीकडे पाहिलं नाही.

त्या रविवारी रुचीनं फोन केला. “मावशी, आज येते.”

“हो हो. ये.”

“नाही, आज खरंच येते.”

ती पोचली तेव्हा पुरुष जेवून पाळीवर गेले होते. चुलीपुढं चार ताटं मांडली होती. मंजू घरीच होती, वहिनीच्या पाठीला टेकून बसली होती. वरणाचा वास असा की भूक नसणाऱ्यालाही लागावी. जमुनाबाईंनी तिला वाढलं, भात, मुंगना, झिंग्यांची चटणी, पेरूची फोड. रुचीनं पहिला घास घेतला आणि तिच्या लक्षात आलं. महिनाभर जे वरण म्हातारीच्या पोटात जात होतं, तेच आज आपल्या ताटात आहे. आपण खरोखर आलो, म्हणूनच आज त्यांना पेज.

तिनं चार घास खाल्ले आणि हात आखडला.

“पोट भरलं मावशी. खूप झालं.”

टीनाचा हात ताटात थबकला. मंजूनं एकीकडून दुसरीकडे पाहिलं.

“नाटकं नोको करू,” जमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. पळी त्यांच्या हातात होती. “या घरात पोट भरलं म्हनाचं काम एकीनं सालभर केलं. मले का समजत नोतं? चाळीस सालं मूठ मोजतो मी. कोनाच्या पोटात किती जाते ते मले नाई समजनार?”

टीनाच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

“समजत होतं, तरी घेत होतो,” म्हातारी म्हणाली. “नसतं घेतलं तं पोरगी तशीच उठून जात होती ताटावरून. दोनदा पाह्यलं करून. मंग एकीनं रोज येतो म्हनून सांगतलं आन आली नाई.” त्या रुचीकडे बघून हसल्या. पहिल्यांदाच, दात नसलेलं, उघडं हसू. “पोरायनो, तुमाले वाटते म्हातारीले फसवता येते. खा तू. सात टाकल्या आज.”

रुचीची बोटं ताटाखाली मिटू लागली. पान्याचा राखनदार. ट्रॅक्टरवाला पोरगा. दप्तरवाली. सून. नाव नसलेलं. पाहुणी.

“आई,” मंजूनं विचारलं, “सातवी कोनाची वं?”

जमुनाबाईंनी हातातल्या पळीकडे पाहिलं. मग पळीचा दांडा टीनाकडे केला, आणि आपलं रिकामं ताट, कुणाच्या तरी परक्या घरी बसल्यासारखं अवघडून, पुढं सरकवलं.

“वाढ,” त्या म्हणाल्या.

घट्ट वरण खाली बसलेलं असतं. टीनानं पळी गंजाच्या तळापर्यंत बुडवली.